दोघी नोरा

नोरा, सगळ्यात आधी हे सांगते, कारण तू असतीस तर तूही हेच पहिलं विचारलं असतंस. डॉनल थांबला. तुझ्या शाळेच्या ऑफिसने त्याला कळवलं होतं की इथेच दफन केलं तर दोन-तीन दिवसांत सगळं आटोपेल, आयर्लंडला पाठवायचं तर कागदपत्रांना वेळ लागेल. त्यावर तुझ्या भावाचं एका ओळीचं उत्तर आलं: तिला घरी पाठवा, कितीही दिवस लागू देत, आम्ही थांबतो. अकरा दिवस लागले. आईच्या दफनाच्या वेळी जो माणूस तुझ्या विमानासाठी एक दिवस थांबला नाही, आणि त्या एका दिवसापायी ज्याच्याशी तू एकोणीस वर्षं बोलली नाहीस, तो तुझ्यासाठी अकरा दिवस थांबला. यावर तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे. उशीर करण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही, असं म्हणून तू खिडकीबाहेर बघत बसली असतीस.

तुला मराठी येत नव्हतं. शारजात आल्यापासून चौदा वर्षांत 'चहा', 'पुरे' आणि 'अगंबाई' एवढे तीन शब्द तू उचललेस, तेही माझ्याकडून. तरी हे मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहायला बसले की मी ऑफिसातली होते, आणि ऑफिसातल्या बाईला 'प्लीज फाइंड अटॅच्ड'च्या पुढे काही सुचत नाही. शिवाय तू माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. आमच्या रीतीने तुला अहो-जाहो करायला हवं. पण आपण भांडलेल्या आहोत, आणि भांडण मिटेपर्यंत तरी मी तुला 'तू'च म्हणणार.

अल नहदातल्या त्या बिल्डिंगमध्ये तू नवव्या मजल्यावर, मी चौथ्या. मजल्या-मजल्यावर मल्याळी, गुजराती, आमच्यासारखी दोन-चार मराठी कुटुंबं, आणि मधूनच एकटी राहणारी एक आयरिश शिक्षिका. तुझ्या शाळेतल्या बाकीच्या गोऱ्या बायका सीमेपलीकडे दुबईत राहायच्या. तू इथेच का राहतेस म्हणून मी एकदा विचारलं. शारजात दारू मिळत नाही, तुला चालतं? तू म्हणालीस, "माझ्या वडिलांनी आमच्या सगळ्यांच्या वाटची पिऊन ठेवली आहे." मग हसलीस. तुझ्या हसण्यावर मी नेहमी फसायचे. पुढे काही असेल ते विचारायचं राहून जायचं.

सुरुवात त्या खोक्यापासून झाली. दोन वर्षांपूर्वी तू सुपरमार्केटमधलं केळ्यांचं खोकं दोन हातांत धरून माझ्या दारात उभी राहिलीस. "वैशाली, तू डॉक्युमेंट्सचं काम करतेस ना?" खोक्यात तुझं अख्खं खानदान होतं. बाप्तिस्म्याच्या वह्यांच्या झेरॉक्स, अमेरिकेला गेलेल्या आत्यांची पत्रं, जमिनीच्या जुन्या मोजणीची पानं, आणि तुझ्या आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानाचा फोटो, ज्यावर तिने मुलांचे जन्म लिहून ठेवले होते. पश्चिम आयर्लंडमधलं एक ओलं, दलदलीचं गाव. त्यात तुमची तीस-पस्तीस एकर. त्यावर पिढ्यान् पिढ्या गुरं सांभाळणारी माणसं. मी म्हटलं, "अगं, हे सगळं कशाला हवंय तुला?"

तेव्हा तू सांगितलंस. आणखी दोन वर्षांनी, जूनमध्ये, शाळेचं कॉन्ट्रॅक्ट संपणार, त्याच्याबरोबर व्हिसाही खलास. जायला जागा एकच, ते घर. तिथे डॉनल. नाताळला त्याचं कार्ड यायचं, त्यावर सही बायकोची. "त्याच्याकडे सगळी शेतं आहेत," तू म्हणालीस, "पण आजोबांच्या वरचं एक नाव त्याला माहीत नाही. मी रिकाम्या हाताने त्याच्या दारात कशी उभी राहू? हे घेऊन जाईन. त्याला हाकलून देता येणार नाही. स्वतःच्या पणज्याला कोण हाकलतं?"

म्हणून शनिवार सकाळ आपली झाली. संजयला मी भाजी आणायला पिटाळायचे, नवराही शहाणा, एकच्या आत परत यायचा नाही. डायनिंग टेबलावर माझा लॅपटॉप, तुझं खोकं, आणि तू केलेला तो जाडजूड आयरिश ब्रेड. तुमच्याकडचं ताक इथे मिळत नाही म्हणून तू त्याचं पीठ दुकानातल्या लबनमध्ये, म्हणजे अरबी ताकात, भिजवायचीस आणि दर वेळी म्हणायचीस की आईला कळलं तर ती थडग्यातून उठून येईल. चहा मात्र दोघींचा एकसारखा, कडक आणि भरपूर दुधाचा. जगात दोनच देशांना चहा कळतो, हे तुझं मत मी इथल्या सगळ्या मराठी मंडळींना ऐकवलेलं आहे.

आणि काय वैताग आणला तुझ्या माणसांनी! सगळे जॉन आणि पॅट्रिक. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेणार, दुसरा आईच्या बापाचं, मुलींचंही तसंच, आणि हा नेम कुणी मोडायचा नाही. एका गावात एका वेळी एकाच नावाआडनावाचे सहा जॉन. मी डोकं धरून बसायचे. तू म्हणायचीस, "तुमच्याकडे बरं आहे, नावाच्या मधोमध बापच उभा असतो. आमच्याकडे तसं असतं तर मी दहा वर्षं आधी सुटले असते." मग तू मला शिकवलंस की तुमच्याकडे एक तांबडा जॉन, एक टेकडीवरचा जॉन, एक विधवेचा जॉन असतो, आणि कागदावर नसलं तरी गावाला ते पक्कं ठाऊक असतं. तुझ्याकडे शेतांचीही नावं होती. विहिरीचं शेत, पाद्र्याचं शेत, लंगडीचं शेत. एका दुपारी तू डोळे मिटून चौदाच्या चौदा शेतांची नावं घेतलीस, बांधावरून चालत गेल्यासारखी, कुठे फाटक उघडायचं तेही सांगत. मी डोंबिवलीची. आमच्या घराण्याच्या नावावर कधी कुंडीतली मातीसुद्धा नव्हती. मला तुझा त्या दिवशी फार हेवा वाटला, तो मी बोलून दाखवला नाही.

आता त्या जनगणनेच्या फॉर्मबद्दल. हे मला लिहायलाच हवं, पुढचं सगळं त्यातून झालं.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचे ते फॉर्म, घराघरातून भरून घेतलेले, आता इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. तुझ्या आजोबांच्या अक्षरातला फॉर्म आपण उघडला. लग्न झालेल्या बाईसाठी त्यात दोन खास रकाने होते. एकूण किती मुलं जिवंत जन्मली. त्यांतली आज किती हयात. तुझ्या आजीपुढे लिहिलं होतं नऊ, आणि शेजारी सात. तू त्या दोन आकड्यांवर बोट ठेवून म्हणालीस, "सरकारने आमच्या बायकांना विचारलेला हा एकच बरा प्रश्न." आणि मग सहज, चहाचा कप उचलताना, "तुला विचारलं तर तू काय लिहिशील?"

मी म्हटलं, एक. ईशान, दुसरं कोण.

पण ते मी लगेच म्हटलं नाही. तू माझ्याकडे बघत होतीस. मग तू पुढच्या घराचा फॉर्म उघडलास.

ईशानच्या आधी मला मुलगी झाली होती, नोरा. दुबईत, चोवीस वर्षांपूर्वी. ती नऊ दिवस जगली. आमच्याकडे बाळाचं नाव बाराव्या दिवशी ठेवतात, त्याला बारसं म्हणतात. बारावा दिवस आला नाही, म्हणून तिला नाव नाही. हॉस्पिटलच्या पट्टीवर 'बेबी ऑफ वैशाली' एवढंच होतं. मला टाके होते, ताप होता, मला नेलं नाही. संजय आणि त्याचा एक मित्र तिला घेऊन गेले. कुठे, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही आणि त्याने सांगितलेलं नाही. सासूबाईंनी भारतातून फोनवर सांगितलं, झालं ते झालं, आता कुणाजवळ विषय काढू नकोस, पुढच्याला दृष्ट लागते. त्या वाईट नव्हत्या. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. दोन वर्षांनी ईशान झाला, बारसं दणक्यात झालं, आणि तेव्हापासून शाळेच्या, व्हिसाच्या, इन्शुरन्सच्या प्रत्येक फॉर्मवर मी 'एक' लिहीत आले. ईशानला अजून माहीत नाही.

हे तुला त्या शनिवारी सांगता आलं असतं. तू वाट करून दिली होतीस. मी उठून ताटल्या धुवायला लागले.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. जबल अलीतल्या आमच्या कंपनीत साइटवर जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगला एक नंबर असतो. नवं ड्रॉइंग आलं की त्याच नंबरच्या जुन्यावर 'रद्द'चा शिक्का मारायचा आणि ते साइटवरून परत मागवून घ्यायचं. एकाच नंबरची दोन ड्रॉइंग्ज फिरत राहिली तर कुणीतरी भलत्याच भिंतीला भोक पाडतं. वीस वर्षं मी हेच करते आहे. एका नावाचे दोन कागद दिसले की माझा हात आपोआप एकाकडे जातो. तुझा वंशवृक्ष मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरत होते, तेसुद्धा माझ्यासारखंच. एकाच आईबापांखाली एकच नाव दोनदा आलं की ते विचारायचं, ही एकच व्यक्ती आहे का? मी 'हो' दाबायचे. तुझ्या आईच्या त्या पानावर डॉनल होता, मग नोरा होती, आणि अडीच वर्षांनी पुन्हा नोरा. मला वाटलं, तिने आधी तारीख चुकवली आणि मागाहून नीट लिहिली. दुसरी तारीख तुझ्या पासपोर्टशी जुळत होती. पहिली मी काढून टाकली.

फेब्रुवारीत मी ते सगळं मोठ्या कागदावर छापून आणलं, जवळजवळ दारापासून खिडकीपर्यंत जाईल एवढं. तुला सरप्राइज द्यायचं म्हणून नवव्या मजल्यावर वर घेऊन आले. तू जमिनीवर गुडघे टेकून बसलीस. वरून बोट फिरवत खाली आलीस, प्रत्येक जॉनला ओळख देत. एवढी खूश मी तुला कधी बघितली नव्हती. मग शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"वैशाली, इथे एक चौकोन कमी आहे."

"नाही गं, डबल झालं होतं. दोन नोरा होत्या, मी एक डिलीट केली."

"त्या दोघी होत्या." तू अगदी हळू म्हणालीस. "पहिली गेली. मग मी झाले."

आणि इथे मी जे बोलले ते तू विसरली नसशील. माझा स्वभाव तुला माहीत आहे, आधी बोलायचं आणि मग विचार करायचा. पण त्या वेळी नुसता स्वभाव नव्हता. मी म्हटलं, "गेलेल्या मुलीचं नाव पुन्हा ठेवतात? हे कसलं अभद्र! आमच्याकडे कुणी असं करणार नाही. मेलेलं मूल विसरायचं असतं, नोरा. त्याच्या नावाने दुसऱ्याला हाक मारत बसायचं नसतं."

"माझ्या आईने ठेवलं," तू म्हणालीस. "आणि जन्मभर तीच हाक मारली. दर वेळी दोघींना."

तू कागदाची गुंडाळी केलीस, अगदी नीट, कडा जुळवून, ती माझ्या हातात दिलीस आणि दार उघडून धरलंस. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.

त्यानंतर सहा आठवडे. सहा शनिवार मी टेबल पुसून बसले आणि तू आली नाहीस. मीही वर आले नाही. मनात म्हणायचे, एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय झालं? दोन वर्षं राबले, थँक यू म्हणणं राहिलं, वर दार दाखवलं. लिफ्टमध्ये दोनदा भेट झाली. पहिल्यांदा तू म्हणालीस, या वर्षी उकाडा लवकर सुरू झाला. मी म्हटलं, हो ना. दुसऱ्यांदा तुझ्या हातात लबनच्या बाटल्या होत्या आणि मजल्यांचे आकडे बदलताना आपण दोघी त्या आकड्यांकडेच बघत होतो. चौथा आला. मी उतरले. तू मागून म्हणालीस, "वैशाली," आणि मी वळेपर्यंत दार लागलं. तुला काय म्हणायचं होतं? मला वर यायला जिना होता, दुसरी लिफ्ट होती. मी घरात जाऊन कुकर लावला.

तुझी बातमी मला आपल्या बिल्डिंगच्या नातूरने, म्हणजे वॉचमनने दिली. करीमभाई सकाळी कंपनीच्या बसपाशी धावत आले. "मॅडम, वो नौ नंबर वाली टीचर मॅडम... स्कूल से फोन आया था, दो दिन से गई नहीं. पुलिस ने दरवाज़ा खोला." मी म्हटलं, "हॉस्पिटल ले गए?" ते नुसते जमिनीकडे बघत राहिले. बसचा ड्रायव्हर म्हणत होता, यल्ला मॅडम, यल्ला, आणि मी त्याला हाताने जा म्हणून सांगितलं. झोपेतच गेलीस, असं डॉक्टर म्हणाले. लोक त्याला भाग्य म्हणतात. मला त्यात काही भाग्य दिसलं नाही. कुणालाही काही बोलायची संधी दिली नाहीस.

पुढचे अकरा दिवस मी तुझे कागद केले. ते एक काम मला येतं. मृत्यूचा दाखला, त्याचं भाषांतर, पोलिसांचं पत्र, तुमच्या दूतावासाचं पत्र, पासपोर्ट रद्द, व्हिसा रद्द, विमानकंपनीचं पत्र. शाळेचा माणूस चांगला होता, पण तो एक कागद घेऊन दोन खिडक्या हिंडायचा, म्हणून मी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर हिंडले. प्रत्येक खिडकीवर विचारायचे, तुमचं नातं काय? मी म्हणायचे, शेजारीण. एका खिडकीवरच्या बाईने चष्म्यावरून बघून म्हटलं, "शेजारणीसाठी एवढं?" मी तिला म्हटलं, माझं भांडण आहे तिच्याशी. तिला वाटलं मला इंग्रजी नीट येत नाही.

त्यातल्या शनिवारी मी लॅपटॉप उघडला. तुझी थोरली बहीण परत घालायला पाच मिनिटं पुरली असती. पण मग मला शंका आली. मी तुझ्या आजीचे ते दोन आकडे काढले, नऊ आणि सात, आणि वृक्षात मोजलं. मी आठच ठेवली होती. तिचे दोन पॅट्रिक मी एक करून टाकले होते. मग वरची पिढी बघितली, तिच्या वरची बघितली. बाप्तिस्म्याच्या वहीतली प्रत्येक ओळ पुन्हा वाचली. दिवसभर बसले, संजयने जेवण केलं आणि ताट माझ्याजवळ आणून ठेवलं. नोरा, दोन वर्षांत मी तुझ्या घरातली पाच मुलं पुसली होती. एक मार्गारेट, एक जॉन, दोन पॅट्रिक, एक नोरा. पाच आयांनी तीच नावं पुन्हा ठेवली होती आणि मी पाचही वेळा 'हो' दाबलं होतं. तू त्या दिवशी शेवटच्या ओळीपाशी थांबलीस. वरच्या चौघांचं तुलाही दिसलं नव्हतं, नाहीतर तू मला गॅलरीतून खाली टाकलं असतंस.

पाचही परत घातली. नवीन छापून आणलं. शवपेटीबरोबर कागदांचं जे पाकीट जातं, ते तयार करणाऱ्या एजंटला मी ती गुंडाळी दिली आणि सवयीप्रमाणे वर पोचपावतीची चिठ्ठी लावली. तो म्हणाला, "मॅडम, ये डॉक्युमेंट लिस्ट में नहीं है." मी म्हटलं, "भाईसाब, असली डॉक्युमेंट यही है, बाकी सब अटॅचमेंट." त्याने वाद घातला नाही. मी रडत होते, बहुतेक म्हणून.

काल डॉनलचा फोन आला. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत होते. त्याचं बोलणं मला निम्मं कळेना, तुझ्यापेक्षा दसपट वेगात बोलतो, आणि मागे गुरं हंबरत होती. तुझं सगळं नीट झालं, आईच्या शेजारी जागा मिळाली. तो कागद त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. दफनाआधी तुझी पेटी घरात होती, तुला भेटायला गाव लोटला होता, आणि जो येई तो तुझ्यापाशी प्रार्थना करून मग टेबलावर वाकून आपला जॉन शोधे. एक म्हातारा चष्मा विसरला म्हणून घरी जाऊन परत आला. मी हसले. मग त्याने पुढचं सांगितलं.

आपण भांडलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तू त्याला फोन केला होतास. एकोणीस वर्षांनी. गाय व्यायला आली होती म्हणून त्याने दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला. तू हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस. तू विचारलंस, "पहिली नोरा कशी होती?"

तो तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला आठवत होतं. तिचे केस तांबडे होते, आणि तो शिंकला की ती हसायची, म्हणून तो दिवसभर खोटं खोटं शिंकायचा. आठ महिन्यांची असतानाच गेली. गावातल्या एकाची मोटार मागून आणली होती, वडील पुढे बसले होते आणि ती पांढरी पेटी त्यांच्या मांडीवर होती. "साठाहून जास्त वर्षं झाली," डॉनल मला म्हणाला, "मला हे कुणी विचारलंच नव्हतं." मग तो आईच्या दफनाबद्दल बोलला. पाद्र्याने घाई केली आणि मी नको म्हणालो नाही, ती माझी चूक, असं त्याने तुला सांगितलं. तू काय म्हणालीस ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पुढचे सगळे रविवार तुम्ही बोलत होतात. जूनसाठी त्याने मागची खोली रंगवून घेतली होती.

आणि मी इथे सहा आठवडे समजत होते की तू वर एकटी बसून माझ्यावर रागावली आहेस.

तो फोन ठेवेल असं वाटलं. पण तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "नोरा तुमच्याबद्दल बोलायची. म्हणायची, खाली माझी एक मैत्रीण राहते, तिचंही एक मूल गेलेलं आहे. तिने सांगितलेलं नाही, पण मला कळलं आहे. मी विचारणार नाही. ती आपणहून येईल." मग ओशाळून म्हणाला, हे मी बोलायला नको होतं का?

पॅन्ट्रीत कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करत होतं. मी तोंड भिंतीकडे केलं. म्हटलं, हो. मुलगी होती. नऊ दिवसांची. तिचे कान संजयसारखे होते, थोडे बाहेर आलेले, आणि दूध पिताना ती माझं बोट घट्ट धरायची, सोडवून घ्यावं लागायचं. चोवीस वर्षांत मी हे पहिल्यांदा कुणाला सांगितलं. मला वाटलं होतं आठवणार नाही. सगळं आठवलं.

डॉनलने विचारलं, नाव काय होतं? मी म्हटलं, ठेवलं नव्हतं. तो म्हणाला, रविवारी दोन्ही नोरांसाठी चर्चमध्ये प्रार्थना सांगितली आहे, तुमचं चालत असेल तर तिलाही त्यांच्यात घेतो, पाद्र्याला नावावाचून जमेल. मी म्हटलं, चालेल.

लोक चांगले असतात, नोरा. तो बिचारा गायीगुरं टाकून अर्धा तास माझं रडणं ऐकत उभा होता. पण त्याला सांगताना प्रत्येक वाक्याला माझ्या मनात येत होतं, हा नव्हे. तू सहा आठवडे माझी वाट बघत बसलीस आणि मला पाच मजले चढवले नाहीत. माझी मुलगी मी सगळ्यात आधी तुला सांगायला हवी होती.